द्विमातृज भगीरथ : एका गौडीय कथेची चिकित्सा

'भगीरथप्रयत्न' हा शब्द मराठींत इतका रुळला आहे कीं, तो उच्चारतांना प्रत्यक्ष भगीरथाची आठवण कोणास होत असेल असें वाटत नाहीं. कीर्तनकार गंगावतरणाचें आख्यान लावतात तेव्हां सगर, असमंजस, अंशुमान, दिलीप अशा पायऱ्या भराभर उतरून भगीरथाच्या तपश्चर्येपाशीं येऊन विसावतात. त्याच्या जन्माविषयीं सांगण्यासारखें कांहीं आहे अशी शंकाहि श्रोत्यांस येत नाहीं. वाल्मीकींच्या बालकांडांत दिलीप गंगा कशी आणावी या चिंतेनें झुरून व्याधिग्रस्त झाला, आणि पुत्र भगीरथ यास राज्यावर बसवून स्वर्गास गेला, एवढाच मजकूर आहे. म्हणजे वाल्मीकींच्या मतें पित्याच्या हयातींतच भगीरथ राज्याभिषेकास योग्य अशा वयाचा झालेला होता.

वंगदेशांत मात्र याहून सर्वस्वी निराळी कथा शेंकडों वर्षें चालत आली आहे. तिच्याप्रमाणें दिलीप निपुत्रिक मेला आणि भगीरथ त्याच्या दोन विधवा राण्यांच्या परस्परसमागमापासून जन्मास आला. ही कथा आपल्याकडील अभ्यासकांच्या चर्चेंत फारशी येत नाहीं, याचें एक कारण पोथ्यांच्या शाखाभेदांत आहे व दुसरें संकोचांत आहे. पहिल्या कारणाचा विचार या पत्राच्या वाचकांस सहज रुचेल. दुसऱ्याचाहि विचार करणें प्राप्त आहे. कारण जें वाचावयाची लाज वाटते तें प्रथम शिकवण्यांतून गळतें, मग नकलेंतून गळतें, आणि शेवटीं तें कधीं नव्हतेंच असें ठरतें.

प्रथम कथा सांगतों. नदिया जिल्ह्यांतील फुलिया गांवचा कृत्तिवास ओझा हा सामान्यतः पंधराव्या शतकांतील कवि मानला जातो. त्याचें रामायण बंगालमध्यें घरोघर वाचलें व गाइलें जातें. आपल्याकडे श्रीधराच्या 'रामविजया'स जें स्थान तेंच तिकडे त्यास आहे, किंबहुना कांकणभर अधिकच. कृत्तिवासाच्या हातची प्रत अर्थातच उरलेली नाहीं. उपलब्ध पोथ्या पुष्कळ नंतरच्या आहेत व गायकांच्या मुखांतून त्यांत भर पडत गेलेली आहे. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनीं इ. स. १८०२–०३ मध्यें तें प्रथम छापलें, आणि पुढें इ. स. १८३० ते १८३४ या काळांत जयगोपाल तर्कालंकार यांनीं भाषा 'शुद्ध' करून त्याच छापखान्यांतून दुसरी आवृत्ति काढली. म्हणून 'कृत्तिवास म्हणतो' असें पुढें जेथें लिहीन तेथें 'कृत्तिवासाच्या नांवावर चालणारी परंपरा म्हणते' असें समजावें.

तर ती परंपरा असें सांगते. दिलीप दोन राण्या मागें ठेवून गंगेसाठीं तप करण्यास गेला. गंगा आली नाहीं, आणि राजा पुत्रावांचून परलोकवासी झाला. अयोध्या निर्नायक झाली. स्वर्गांत ब्रह्मदेव व इंद्र यांस काळजी पडली. सूर्यवंशांत विष्णूनें अवतार घ्यावयाचा, आणि वंशच जर खुंटला तर तो घ्यावयाचा कोठें? त्यांनीं शंकराकडे धांव घेतली. शंकर नंदीवर बसून अयोध्येस आला व दोघी राण्यांस म्हणाला कीं, माझ्या आशीर्वादानें तुमच्यापैकीं एकीस पुत्र होईल. राण्या म्हणाल्या, आम्ही विधवा, आम्हांस पुत्र कसा व्हावा? तेव्हां शंकरानें स्पष्ट शब्दांत सांगितलें कीं, तुम्ही दोघींनीं एकमेकींशींच रममाण व्हावें. देव गेला. दोघींनीं स्नान केलें आणि त्या अत्यंत प्रीतीनें एकत्र राहूं लागल्या. कांहीं दिवसांनीं एक ऋतुमती झाली. दोघींनीं एकमेकींचें मनोगत जाणलें, आणि तिला गर्भ राहिला.

दहा महिने भरल्यावर मूल झालें तें केवळ मांसाचा गोळा, अंगांत एकहि हाड नाहीं. येथें कवीनें जो प्रसंग घातला आहे तो मला सर्व कथेंत महत्त्वाचा वाटतो. राण्या त्या गोळ्यास मांडीवर घेऊन रडतात. त्रिनेत्रानें असला कसला वर दिला म्हणून विलाप करतात. यास हाड नाहीं, यास चालतां येणार नाहीं, यास पाहून सारें जग आपणांस हंसेल. मग त्यास टोपलींत घालून शरयूंत सोडून देण्यासाठीं त्या निघतात. वाटेंत वसिष्ठ भेटतो. तो सर्व जाणतो व म्हणतो, यास रस्त्याच्या कडेला ठेवून घरीं जा. त्या ठेवून जातात. इतक्यांत आठ ठिकाणीं वांकडा असलेला अष्टावक्र मुनि स्नानास निघालेला तेथें येतो. हाडें नसलेलें तें मूल वळवळतांना पाहून त्यास वाटतें, हा माझ्या चालण्याची नक्कल करतो आहे. तो म्हणतो : तूं मला वेडावीत असशील तर तुझा देह भस्म होवो, आणि तुझा देह खरोखरच असा असेल तर तूं मदनासारखा सुंदर हो. मूल उभें राहिलें. अष्टावक्रानें राण्यांस बोलावून आणिलें आणि त्या पुत्रास घेऊन आनंदानें घरीं गेल्या.

अष्टावक्र या ठिकाणीं उगीच आलेला नाहीं. महाभारताच्या वनपर्वाप्रमाणें गर्भांत असतां बापाची पठणांतील चूक दाखविल्याबद्दल बापाच्याच शापानें वांकडा झालेला हा मुनि. बापामुळें विद्रूप झालेल्यानें बाप नसल्यामुळें विद्रूप झालेल्यास सरळ करावें, ही जुळणी कोणा कुशल मनुष्यानें केलेली आहे. खेडवळ गायकाची करमणूक म्हणून ही कथा बाजूस सारतां येणार नाहीं.

आतां पोथ्यांकडे वळूं. हीच कथा संस्कृतांतहि आहे, आणि तीहि बंगालमध्येंच. पद्मपुराणाच्या दोन मुख्य शाखा आहेत हें वाचकांस विदित असेल. पुण्याच्या आनंदाश्रमानें विश्वनाथ नारायण मंडलीक यांच्या संपादनाखालीं इ. स. १८९३–९४ मध्यें चार भागांत छापलेलें पद्मपुराण तें दुसऱ्या शाखेचें : आदि, भूमि, ब्रह्म, पाताल, सृष्टि व उत्तर अशीं त्याचीं सहा खंडें. बंगाली लिपींतील पोथ्यांत खंडें पांच असून त्यांत स्वर्गखंड म्हणून जें आहे तें आपल्या छापील ग्रंथांतील कोणत्याहि खंडाशीं जुळत नाहीं. त्या स्वर्गखंडांत कालिदासाच्या नाटकाशीं विलक्षण मिळतें असें शकुंतलोपाख्यान आहे, आणि त्यावरून हरदत्त शर्मा यांनीं इ. स. १९२५ मध्यें 'पद्मपुराण आणि कालिदास' या विषयावर ग्रंथ लिहून वाद उपस्थित केला होता. हें गौडीय स्वर्गखंड अशोक चटर्जी यांनीं संपादून काशिराज न्यासातर्फे वाराणसीस इ. स. १९७२ मध्यें प्रसिद्ध झालें. म्हणजे आनंदाश्रमाची प्रत प्रमाण मानून चालणाऱ्या महाराष्ट्रीय अभ्यासकास ऐंशी वर्षेंपर्यंत हा भाग पाहण्याचा प्रसंगच आला नाहीं. यांत मंडलीकांचा दोष नाहीं. ज्या पोथ्या हातीं आल्या त्यांवर त्यांनीं काम केलें.

स्वर्गखंडांतील कथा कृत्तिवासाहून त्रोटक व कोरडी आहे. तेथें शंकर नाहीं. कुलगुरु पुत्रेष्टि करतो व मंत्रानें संस्कारिलेला चरु राण्यांस देतो; एकीनें तो भक्षण करावयाचा आणि दुसरीनें पुरुषभाव धारण करून तिच्याशीं समागम करावयाचा. गर्भ राहतो, आणि पुरुषबीज नसल्यामुळें मूल अस्थिहीन होतें. दोन्ही कथनांत साधन निराळें, विस्तार निराळा. पण दोन स्त्रियांचा संग व अस्थिहीन पुत्र हीं दोन कलमें मात्र अढळ आहेत. एकानें दुसऱ्याचें भाषांतर केलें असें म्हणण्याइतकें साम्य शब्दांत दिसत नाहीं. दोघांनींहि गौड देशांत चालू असलेली एकच कथा उचलली असें माझें मत आहे.

हाडांचा मुद्दा कोठून आला? याचें उत्तर सुश्रुतांत आहे. शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायांत, कामातुर झालेल्या दोन स्त्रिया एकमेकींशीं संग करून परस्परांत शुक्र सोडतील तर त्यापासून अस्थिहीन अपत्य होतें, असें एका श्लोकांत स्पष्ट सांगितलें आहे. पुढच्याच अध्यायांत गर्भाच्या कोणत्या अवयवांचें मूळ कोणांत याची वांटणी आहे : केश, नख, दंत, अस्थि, शिरा, स्नायु इत्यादि जे स्थिर भाग ते पित्यापासून; मांस, रक्त, मेद, हृदय, यकृत्, प्लीहा इत्यादि जे मृदु भाग ते मातेपासून. दोन माता असल्यास मृदु भाग तेवढे मिळणार हें ओघानेंच आलें. मुंबईच्या निर्णयसागरानें यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्याकडून सुश्रुतसंहिता डल्हणाच्या टीकेसह छापविली, ती अनेकांच्या संग्रहीं असेल. त्यांनीं तो भाग अवश्य काढून पाहावा. वैद्यकशास्त्र ही गोष्ट नुसती शक्य मानीत नाहीं, तर तिचें फळ काय होईल याचा हिशेबहि देतें. शास्त्रकाराच्या चेहऱ्यावर आश्चर्य नाहीं, धिक्कारहि नाहीं. लागलीच पुढें तो स्वप्नांत मैथुन करणाऱ्या स्त्रीच्या गर्भाकडे वळतो. आजचें जीवशास्त्र यास मान्यता देणार नाहीं हें सांगणें नकोच. मुद्दा एवढाच कीं, गौडीय कथाकार वैद्यकाचा जाणता होता आणि त्यानें त्याच शास्त्राचा आधार घेऊन मूल अस्थिहीन केलें.

धर्मशास्त्राचा सूर अर्थात् निराळा आहे. येथें एक जुनी आठवण सांगण्याची परवानगी घेतों. माझ्या विद्यार्थिदशेंत मनुस्मृतीचा आठवा अध्याय चालू असतां आमच्या गुरुजींनीं एके दिवशीं दोन श्लोक बोटानें झांकले व 'पुढें' एवढाच शब्द उच्चारला. आम्हीं पुढें वाचलें. गुरुजी थोर विद्वान् होते व त्यांच्याबद्दलचा माझा आदर तिळभर कमी झालेला नाहीं; पण झांकलेले श्लोक घरीं जाऊन आधीं वाचले जातात हें त्यांच्या ध्यानांत आलें नसावें. मीं स्वतः शिक्षक झाल्यावर भगीरथाची कथा वर्गांत पुष्कळ वेळां सांगितली, आणि ती नेहमीं वाल्मीकींचीच सांगितली, हेंहि येथें कबूल केलें पाहिजे.

ते झांकलेले श्लोक म्हणजे आठव्या अध्यायांतील ३६९ व ३७० हे होत. पहिल्यांत, एका कन्येनें दुसऱ्या कन्येस दूषित केल्यास तिला दोनशें पण दंड, दुप्पट शुल्क देणें व दहा फटके असें सांगितलें आहे. दुसऱ्यांत, प्रौढ स्त्रीनें कन्येस दूषित केल्यास तिचें तत्काळ मुंडन, किंवा दोन बोटें तोडणें, आणि गाढवावरून धिंड. हे दोनच श्लोक सुटे काढून वाचले तर मनूनें स्त्रियांच्या परस्पर प्रेमास भयंकर शिक्षा सांगितली असा समज होतो, व पुष्कळांचा तसा झालेलाहि आहे. परंतु मागचे दोन श्लोक, ३६७ व ३६८, यांसह वाचावें. तेथें पुरुष आहे. त्यानें माजोरीपणानें कन्येस तसेंच दूषित केलें तर त्याचींहि दोन बोटें तोडावयाचीं आहेत व वर सहाशें पण दंड आहे; कन्या राजी असेल तर बोटें वांचतात व दंड दोनशें पणांवर येतो. चारहि श्लोकांत कर्म एकच, बोट एकच, आणि हानि एकच : कन्येचें कौमार्य. शुल्काचा उल्लेख तर प्रकरणाचा उलगडाच करतो. बापाला मिळावयाचें कन्याशुल्क बुडालें, तें कोणी भरावें, हा तेथील प्रश्न आहे.

कौटिल्याकडे पाहिलें म्हणजे ही गोष्ट अधिक उघड होते. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत कन्याप्रकर्माच्याच प्रकरणांत, समान वर्णाच्या राजीखुषीच्या स्त्रीस बारा पण व दूषित करणाऱ्या स्त्रीस त्याच्या दुप्पट, म्हणजे चोवीस पण, असा दंड आहे. पुढच्या अध्यायांत पुरुषानें पुरुषाशीं केलेल्या मैथुनास पूर्वसाहसदंड, म्हणजे साहसदंडांतील सर्वांत खालची पायरी. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं ही पोथी इ. स. १९०९ मध्यें छापली आणि मुंबई विद्यापीठासाठीं आपल्या र. पं. कंगले यांनीं तिची चिकित्सित आवृत्ति काढली (मूळ, इ. स. १९६०), त्यामुळें हीं स्थळें आतां कोणासहि पडताळतां येतात. मनूच्या अकराव्या अध्यायांत पुरुषांच्या परस्पर मैथुनास एके ठिकाणीं जातिभ्रंशकर म्हटलें आहे. ब्राह्मणास मारणें, मद्याचा वास घेणें, कपट करणें या ओळींत तें बसविलें आहे. आणि त्याच अध्यायांत पुढें, पुरुषाशीं मैथुन केल्यास सचैल स्नान करावें असें म्हणून, दिवसा किंवा पाण्यांत स्त्रीसंग करणाराच्या पंक्तीस तें बसविलें आहे. एकाच अध्यायांत दोन वजनें! टीकाकारांनीं मेळ घालण्याची खटपट केली आहे. मला तो मेळ बसतो असें वाटत नाहीं, आणि बसविण्याची गरजहि वाटत नाहीं. स्मृति ह्या अनेक हातांच्या आहेत.

आतां दिलीपाच्या राण्या या कोष्टकांत कोठें बसतात? त्या कन्या नव्हेत. त्यांचें शुल्क मागावयास कोणी बाप उभा नाहीं. मनूचे ते दोन श्लोक त्यांस लागत नाहींत, कौटिल्याचें कन्याप्रकर्महि लागत नाहीं. त्यांस लागतो तो विधवाधर्म. मनूच्या पांचव्या अध्यायाप्रमाणें विधवेनें परपुरुषाचें नांवहि घेऊं नये, ब्रह्मचर्यानें राहावें, आणि तशी राहिली तर अपुत्र असूनहि तिला स्वर्ग आहे. राण्यांनीं परपुरुषाचें नांव घेतलें नाहीं. ब्रह्मचर्य मात्र मोडलें. कथेंतील लोकनिंदेची भीति ती हीच. दंडाच्या पुस्तकांत ज्यास शिक्षा सांपडत नाहीं त्यास लोकांचें हंसें पुरेसें असतें, आणि त्या हंशापायीं दोघी पोटच्या गोळ्यास नदींत सोडावयास निघाल्या होत्या.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. कोणी म्हणेल : यांत प्रेम वगैरे कांहीं नाहीं, हा केवळ वंशरक्षणाचा उपाय आहे. पूर्वयुगांत निपुत्रिक राजाच्या विधवांस नियोग करतां येत असे. विचित्रवीर्याच्या अंबिका व अंबालिका ह्या दोघी राण्यांस व्यासापासून पुत्र झाले तें याच मार्गानें. मनूच्याच नवव्या अध्यायांत नियोगाची अनुज्ञाहि आहे व निंदाहि आहे. पुढील निबंधकारांनीं तर तो कलिवर्ज्यांत टाकला. मग कृत्तिवासाच्या काळच्या कवीनें काय करावें? दोन विधवा, मृत राजा, खुंटलेला वंश, आणि परपुरुषाचा स्पर्श तर होऊं द्यावयाचा नाहीं. अशा कोंडींत दोघी राण्यांनींच एकमेकींपासून पुत्र मिळविला असें म्हणणें हा एकच निर्दोष मार्ग उरला. अंबिका-अंबालिकेची कथा व ही कथा शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे या आक्षेपांत पुष्कळ तथ्य आहे असें दिसून येईल. मीं स्वतः प्रारंभीं याच मताचा होतों.

पण तें मत पुरें पडत नाहीं. वंशच वाढवावयाचा होता तर मैथुनाची गरज काय? दशरथाच्या राण्यांस पायसानें पुत्र झाले. त्यासाठीं कोणास कांहीं करावें लागलें नाहीं. स्वर्गखंडांत तर चरु तयारच आहे. तो खाऊन एक राणी गरोदर राहिली असती तर कोणत्याहि श्रोत्यानें हुं कीं चूं केलें नसतें. कृत्तिवासाच्या शंकराचा आशीर्वादहि एकटा पुरेसा होता. असें असून दोन्ही कथाकारांनीं दोघींचा संग मुद्दाम सांगितला, आणि कृत्तिवासानें तर त्याआधीं दोघींच्या एकत्र राहण्याचें व अत्यंत प्रीतीचें वाक्य घातलें. देवाच्या आज्ञेंत संग होता, प्रीति नव्हती; ती कवीनें आपल्या पदरची घातली. तीहि कोणांमध्यें? सवतींमध्यें! आपल्या भाषेंत 'सवत' या शब्दाभोंवतीं किती म्हणी व किती ओव्या आहेत आणि त्या सर्वांत काय भरलेलें आहे हें वाचकांस सांगावयास नको. पुराणांतूनहि सवती म्हणजे कद्रू-विनता, किंवा सुनीति-सुरुचि. कृत्तिवासाच्या दोघी राण्या नवऱ्यामागें एकमेकींचें मन जाणून एका घरांत राहतात, मुलासाठीं दोघी रडतात, टोपली दोघी उचलतात, आणि शेवटीं पुत्र घेऊन दोघी घरीं जातात. त्याची आई एक कीं दुसरी, हा प्रश्नच कथेंत कोणी विचारीत नाहीं.

स्त्रियांच्या अशा संगाची माहिती गृहस्थांस नव्हती असेंहि नाहीं. वात्स्यायनानें पांचव्या अधिकरणाच्या शेवटीं अंतःपुराचें वर्णन केलें आहे. तेथें एकाच पतीच्या अनेक स्त्रिया धात्रेयिका, सखी किंवा दासी यांस पुरुषवेष देऊन आपली इच्छा कशी पुरवितात तें त्यानें निर्विकारपणें नोंदलें आहे. राजवाड्यांतील ती नित्याची गोष्ट. फरक एवढाच कीं, वात्स्यायनाच्या अंतःपुरांत प्रीतीचा उल्लेख नाहीं आणि दासीच्या इच्छेचा तर नाहींच नाहीं.

नांवाच्या व्युत्पत्तीविषयीं दोन शब्द. दोन भगांपासून झाला म्हणून भगीरथ, असें कथा सांगते. पाणिनीचा विद्यार्थी या व्युत्पत्तीपुढें हात जोडील. मधला दीर्घ ईकार व शेवटचा 'रथ' यांची वाट तिनें लाविलेली नाहीं. परंतु लोकनिरुक्ति पाणिनीस विचारून होत नसते. कांहींजण म्हणतील कीं, नांवावरूनच कथा निघाली. मला तें उलट वाटतें. 'भग' शब्दाचे ऐश्वर्य, यश, श्री असे सभ्य अर्थ कोशांत रांगेनें उभे असतां कोणी हा एकच अर्थ निवडून त्याची दुप्पट करावी, यास आधीं दोन मातांची कथा कानीं असावी लागते.

ही कथा बंगालमध्येंच कां रुजली, याविषयीं मला दोन गोष्टी सुचतात. एक भूगोलाची. बंगालांत गंगेच्या पश्चिमेकडील फांट्याचें नांवच भागीरथी. कृत्तिवासाचें फुलिया त्याच नदीच्या कांठचें. आपल्याला भगीरथ हा पुराणांतला राजा. त्यांना तो दाराशीं पाणी आणून देणारा पूर्वज. अशा पुरुषाच्या जन्माची कथा नुसत्या एका ओळीनें कशी भागावी? दुसरी गोष्ट व्यवहाराची. बंगालांत जीमूतवाहनाचा दायभाग चाले, आणि त्याप्रमाणें निपुत्रिक मृताचा अंश एकत्र कुटुंबांतहि त्याच्या विधवेकडे जाई. आपल्याकडे विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेप्रमाणें तो भाऊबंदांत मिळून जाई. दोन निपुत्रिक विधवा, त्यांच्या ताब्यांतील घर, आणि त्या घरावर डोळा ठेवून बसलेले भाऊबंद, हें चित्र बंगाली श्रोत्याच्या परिचयाचें असणार. आयतें मूल कोठून आलें, असें विचारणारे शेजारीहि परिचयाचेच. हा माझा तर्क आहे; तो तर्क म्हणूनच घ्यावा.

या कथेवरून जुना समाज अशा प्रेमास अनुकूल होता असें सिद्ध करूं पाहणें मला मान्य नाहीं. मूल व्यंग घेऊन येतें, आया लज्जेनें जीव देण्यापर्यंत नव्हे तरी घेण्यापर्यंत जातात, व ऋषीच्या वाणीवांचून सुटका नाहीं. पण त्याच कथेंत देव आज्ञा करतो, कुलगुरु दोष देत नाहीं, आणि त्या मुलाच्या हातून गंगा येते व पुढें त्याच्याच वंशांत राम होतो. निषेध व स्वीकार असे दोन्ही रंग एकाच पोथींत आहेत. अलीकडे दोन्ही पक्षांचे लोक आपल्या सोयीचा रंग दाखवून 'शास्त्र असें म्हणतें' अशी ग्वाही देतात. भारतीय दंडसंहितेचें ३७७ वें कलम शास्त्रांतून आलें अशीहि पुष्कळांची समजूत आहे. वास्तविक त्याचें बीज आठव्या हेन्रीच्या इ. स. १५३३ च्या इंग्लिश कायद्यांत आहे; मेकॉलेनें इ. स. १८३७ च्या मसुद्यांत या विषयावर कलमें घातलीं, इ. स. १८६० मध्यें कायदा झाला व ता. १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आला. कौटिल्य ज्यास खालच्या पायरीचा दंड सांगतो त्यास त्या कायद्यानें जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेविली. ता. ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींनीं सज्ञान व्यक्तींच्या राजीखुषीच्या संबंधांपुरतें तें कलम रद्द केलें. हा तपशील येथें देण्याचें कारण एवढेंच कीं, शास्त्राच्या नांवावर काय जमा आहे आणि काय नाहीं हें पोथी उघडून सांगण्याचें काम आपलें आहे, वकिलांचें नव्हे.

या स्थळांकडे आधुनिक वाचकांचें लक्ष वेधण्याचें श्रेय रूथ वनिता व सलीम किदवाई यांच्या इ. स. २००० मधील संकलनास द्यावें लागतें. कृत्तिवास व स्वर्गखंड या दोहोंतील प्रसंग त्यांत एकत्र वाचावयास मिळतात. आमच्या संस्कृतज्ञांनीं हें काम आधीं करावयास हवें होतें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. काशी, गया, नवद्वीप येथें अध्ययनास किंवा यात्रेस गेलेल्या महाराष्ट्रीय शास्त्र्यांनीं तिकडील पोथ्यांच्या नकला देवनागरींत उतरवून आणल्याचीं उदाहरणें आपल्या पाहण्यांत आहेत. आपल्या दप्तरांत 'पाद्म, स्वर्गखंड' अशी नोंद असलेली पोथी असल्यास ती आनंदाश्रमाच्या आदिखंडाशीं जुळते असें गृहीत धरून बांधून ठेवूं नये. प्रथम शकुंतलेचें उपाख्यान आहे कीं नाहीं तें पाहावें. तें असल्यास पोथी गौडीय शाखेची समजावी. मग सगरवंशाचें प्रकरण काढावें. दिलीपाच्या मृत्यूनंतर एखादें पान कमी असेल, पानांचे अंक जुळत नसतील, किंवा हरताळ फांसलेला असेल, तर तेंहि मला कळवावें. हरताळाखालचीं अक्षरें तिरप्या उजेडांत बहुधा वाचतां येतात.